मदत हवी आहे: नळाला पहिली पाच मिनिटं नालीचा वास, मग पाणी नितळ. प्यावं का? (इंदूर)

विंगसचिव

मंडळी, सुदामानगर भागातली १२ फ्लॅटची इमारत आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, जेमतेम पाऊण तास. ते जमिनीतल्या १०,००० लिटरच्या हौदात पडतं, तिथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत. कमी पडलं की बोरिंगही त्याच हौदात सोडतात.

गेल्या तीन खेपा पाणी सुटलं की पहिली चार-पाच मिनिटं नालीचा वास आणि थोडा गढूळपणा. नंतर काचेसारखं पाणी. टीडीएस मीटर २३० दाखवतो, नेहमीइतकाच. दोन घरांत मुलांना जुलाब आहेत. दोष हौदात की लाइनीत, हे कसं ओळखायचं? तोवर पिण्याचं काय?

निवांत

२३० म्हणजे उत्तम पाणी. सगळ्यांनी आरओ बसवा, कटकट मिटेल.

फेरूल

निवांतराव, टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नव्हे. हिशेब करा: सांडपाण्याचा टीडीएस ७०० धरला आणि ते नळाच्या पाण्यात शंभरात एक भाग मिसळलं, तर मीटर २३० चा जेमतेम २३५ होईल. तेवढ्यात दर १०० मिलीत विष्ठेतले जंतू हजारोंनी आलेले असतात. भारतीय मानक १०५०० प्रमाणे तिथे ई-कोलाय एकही सापडता कामा नये. आरओ पिण्यापुरतं सांभाळेल. भांडी, भाज्या, दात घासणं त्याच टाकीवर राहणार.

नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर येणारं पाणी शुद्ध करून निघतं. घोटाळा बहुधा शेवटच्या पन्नास फुटांत असतो. पुरवठा चालू असताना दाब आतून बाहेर असतो, म्हणून पाइपाला भोक असलं तरी पाणी बाहेर गळतं. पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो आणि बाहेर साचलेलं आत शिरतं. पुढच्या वेळी पहिल्या पाच मिनिटांत तेच तुमच्या हौदात. कोणी लाइनीला थेट मोटार लावत असेल तर ती चालू पुरवठ्यातही नालीतलं पाणी ओढते.

आता मोजायचं क्लोरीन: ते पुरवठ्याच्या पाण्यात घातलेलं असतं आणि घाण मिसळली की संपतं. ओटीची (क्लोरीन तपासायच्या द्रावणाची) बाटली स्वस्त असते. नळीत पाणी घ्या, थेंब टाका, पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग पट्टीशी ताडून पाहा. उशिरा गडद होणारा रंग धरू नका, तो मोकळा क्लोरीन नसतो. नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. हौदात पडण्याआधीच्या तोंडाशी १ ल्या, ५ व्या आणि १५ व्या मिनिटाला, मग हौदात, मग गच्चीच्या टाकीत. त्याच वेळी लाइनीवरच्या आधीच्या आणि पुढच्या घरातही. सगळं वेळेसकट लिहून ठेवा. ‘पाणी घाण येतंय’ म्हटलं की पालिकेच्या झोन कार्यालयातले ‘बघतो’ म्हणतात. आकडे आणि जागा सांगितली की खोदायला माणूस येतो. पालिकेच्या ३११ ॲपवर तक्रार टाकतानाही हेच लिहा.

प्रयोगशाळा_खिडकी

तोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळा. पूर्ण उकळी एक मिनिट पुरते. गढूळ असेल तर आधी दुहेरी सुती कापडातून गाळा. एकट्या यूव्हीवर विसंबू नका, गढूळपणाच्या आडोशाला जंतू वाचतात. तान्ह्या बाळासाठी बोरिंगचं पाणी उकळूनही वापरू नका: त्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर उकळल्याने वाफ जाते आणि नायट्रेट दाट होतं.

नमुना द्यायचा तर निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. तिच्या तळाशी थायोसल्फेट असतं, ते विसळून टाकू नका. ते नमुन्यातला क्लोरीन मारतं, नाहीतर वाटेत जंतू मरून अहवाल खोटाच छान येतो. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. मिनरल वॉटरच्या बाटलीतून नेलेल्या नमुन्याला अर्थ नाही.

विंगसचिव

आजचे आकडे. आमच्या तोंडाशी १ लं मिनिट ०, ५ वं मिनिट ०, १५ वं मिनिट ०.३. पालिकेच्या टाकीकडच्या बाजूचं आधीचं घर: पहिल्या मिनिटापासून ०.३. पुढचं घरही ०.३. हौद भरल्यावर ०.

फेरूल

मग मुख्य लाइन ठीक आहे, तुमचं कनेक्शन गेलंय. फेरूलपासून (मुख्य लाइनीवरच्या जोडापासून) हौदापर्यंतचा पाइप नाली ओलांडतो का बघा. लोखंडी पाइप तिथेच सडतो, कारण तो कायम ओला असतो. पाणी चालू असताना नालीत त्या जागी बुडबुडे किंवा स्वच्छ पाण्याची शीर दिसेल. रबराची पट्टी गुंडाळून घेऊ नका, महिन्याभरात सुटते. एमडीपीई प्लास्टिक पाइपाचा अखंड तुकडा, नालीखाली एकही जोड नाही, वरून मोठ्या पाइपाचं आवरण. जमलं तर नालीच्या वरून न्या.

हौदालाही लगेच निर्दोष म्हणू नका. पाणी तळाशी ३०० लिटर राहील इतकं उतरवा, टीडीएस लिहा. शेजारच्या ड्रेनेज चेंबरचं बाहेर जाणारं तोंड थोडा वेळ बंद करून त्यात पाच किलो मीठ विरघळवा. चेंबरमध्ये २०० लिटर असेल तर त्यातलं एक लिटर झिरपलं तरी हौदाचा मीटर सुमारे ८० ने चढेल. निवांतरावांचा मीटर इथे मात्र कामाचा. तो चढला तर आतून प्लास्टर, आणि चेंबरचीही दुरुस्ती.

आणि बोरिंगची लाइन नर्मदेच्या पाइपाला कुठे जोडलेली असेल तर आधी तोडा. दोन्ही वेगवेगळ्या तोंडांनी, भरलेल्या पातळीच्या वर, हौदात पडू द्या.

प्रयोगशाळा_खिडकी

पाइप बदलल्यावरच हौद धुवा, आधी धुतलात तर मेहनत वाया. आत उतरण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, वर एक माणूस उभा हवाच. गाळ काढून भिंती घासा, हौद भरा. २ किलो ब्लीचिंग पावडर (२५ टक्के क्लोरीन धरून) बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी ओता. १०,००० लिटरला ते ५० मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. तेच पाणी गच्चीच्या टाकीत चढवून प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडा, मग १२ तास तसंच. आरओला जाणारा नळ आधी बंद, क्लोरीन पडदा खातो. मग सगळं सोडून द्या. ॲसिडने फरशी धुण्याचा मोह त्या दिवशी नको. ब्लीचिंगशी मिळून विषारी वायू होतो.

पुढे महिनाभर हौद भरला की ४० ग्रॅम पावडर, अर्ध्या तासाने ओटी. ०.२ ते ०.५ दिसलं तर ठीक. तेवढी टाकूनही शून्यच आलं तर पावडर शिळी आहे (उघड्या पोत्यातली हळूहळू कमजोर होते) किंवा घाण अजून आत येतेय. नवी पावडर आणून एकदा परत पाहा, तरीही शून्य असेल तर चेंबरमध्ये मीठ घालून ती तपासणी पुन्हा करा.