'हार्मोनिक' शब्दाच्या तीन अर्थांविषयी

गणितातली हार्मोनिक श्रेणी (१ + १/२ + १/३ + १/४ + …) आणि संगीतातले हार्मोनिक यांच्यात केवळ नामसाधर्म्य आहे, असे मत मांडले जाते; ते मला मान्य नाही. ताणलेल्या तारेचा मूळ स्वर १०० हर्ट्‌झचा असेल, तर तिचे हार्मोनिक (म्हणजे मूळ स्वर आणि त्याच्यासोबत उमटणारे त्याच्या पटींतले स्वर) साधारणपणे १००, २००, ३००, ४०० हर्ट्‌झ असे वाढत जातात. मात्र त्यांच्या तरंगलांबी मूळ तरंगलांबीच्या १, १/२, १/३, १/४ पट होत जातात, आणि गणितातल्या श्रेणीची पदे नेमकी हीच आहेत. फरक पडतो तो पुढे. संगीतकाराला शेजारच्या पदांच्या गुणोत्तरांशी कर्तव्य असते (२:३ या गुणोत्तरातून षड्ज-पंचम भाव मिळतो), तर गणितज्ञ त्या पदांची बेरीज करत बसतो, आणि ही बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते, हे निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने चौदाव्या शतकातच सिद्ध केले होते. अर्थात तिची गती इतकी मंद आहे की १० चा आकडा ओलांडायला १२,३६७ पदे लागतात.

भौतिकशास्त्रातील सरल आवर्त गतीला (उदा. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे एकसारखे वरखाली होणे) इंग्रजीत हेच विशेषण लागते, परंतु तिच्यात एकच वारंवारता असते, म्हणजे संगीतकार ज्यांना हार्मोनिक म्हणतो त्यांची मालिका तिच्यात नसतेच. 'ओव्हरटोन' (मूळ स्वर सोडून त्याच्या वरचे स्वर) हा शब्द त्याहून फसवा आहे, कारण पहिला ओव्हरटोन म्हणजे दुसरा हार्मोनिक, आणि एकात ओव्हरटोन व दुसऱ्यात हार्मोनिक मोजणारी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा क्रमांक हमखास एकाने चुकतो.