मदत हवी आहे : सरकार सुरक्षा सल्लागार मंडळाचं किती ऐकतं, हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचा, म्हणजे केंद्र सरकारला सुरक्षेच्या प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाचा, अभ्यास करतेय. डिसेंबर १९९८ मध्ये संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं मंडळ नेमलं गेलं. ऑगस्ट १९९९ मध्ये या मंडळाचा अण्वस्त्र धोरणाचा मसुदा जाहीर झाला आणि त्यावर देशभर चर्चा झाली. जानेवारी २००३ मध्ये सरकारने अधिकृत धोरण मांडलं. त्यात 'प्रथम वापर नाही' (आपण होऊन आधी अण्वस्त्र वापरायचं नाही) हे तत्त्व राहिलं, पण भारतावर जैविक किंवा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्रांचा पर्याय खुला ठेवण्याची भर पडली. सल्ला काय होता आणि निर्णय काय झाला, हे इथे समोरासमोर ठेवून वाचता येतं.

खरी अडचण त्यानंतरच्या काळाची आहे. मंडळाचं काम बहुतेक गोपनीय, सदस्यही सरकारच नेमतं. एप्रिल २०२५ मध्ये 'रॉ' या गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख आलोक जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मंडळाची फेररचना झाली, त्यात निवृत्त लष्करी, पोलीस आणि परराष्ट्र सेवेतले अधिकारी आहेत. अशा मंडळाला स्वतंत्र म्हणायचं का? माझ्या मते स्वातंत्र्य नेमणुकीपेक्षा मसुदा लोकांसमोर येण्यात जास्त आहे, पण हे सिद्ध कसं करू? माजी सदस्यांच्या मुलाखती पुरतील की संसदेतली प्रश्नोत्तरंही चाळावीत? या विषयात संशोधन केलेल्यांनी कृपया मार्ग सुचवा.