ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का? मदत हवी आहे

माझी २०१३ ची बीएस४ पेट्रोल हॅचबॅक आहे, एमएएफ सेन्सरवाली (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर). चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). गॅरेजवाले म्हणतात ऑक्सिजन सेन्सर बदला. मला ते पटत नाहीये.

मला समजलं ते असं: सेन्सरमधल्या झिर्कोनियाच्या एका बाजूला इंजिनचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. धुरात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असेल तर सेन्सर ०.९ व्होल्टपर्यंत देतो, उरलेला असेल तर ०.१ च्या आसपास. त्यावरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी-जास्त करतं. साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय हे काम होत नाही, म्हणून आत हीटर असतो. हीटरचा कोड आलेला नाही.

शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवतंय ते) मिळून आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, +२३ टक्के, २५०० आरपीएमला +९. कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज आयडलला बहुतेक वेळ खालीच असतं, पण झटकन रेस दिली की ०.८ च्या वर जातं आणि पाय काढला की लगेच उतरतं. गेलेला सेन्सर असा वागेल का? आणि यात ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) वाटा किती? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

सेन्सर बदलू नका. तो इतक्या चपळाईने वरखाली होतोय म्हणजे काम करतोय.

आकडे पाहता हवा चोरवाटेने आत येतेय. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरकडे नेणारा भाग) ओढ जास्त आणि एकूण हवा थोडी, त्यामुळे एमएएफने न मोजलेली जराशी हवाही भारी पडते. २५०० ला तीच गळती किरकोळ होते. (फक्त मॅप सेन्सरवाल्या, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाडीत हा तर्क चालत नाही, तिथे बहुधा आयडलच वाढतं.) पेट्रोल पंप कमजोर असता तर उलट लोडवर ट्रिम वाढला असता. पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, म्हणून ई२० चे सात-आठ टक्के धरा. तुमचे +९ बरेचसे तेच.

थ्रॉटल बॉडीपुढचे रबरी पाइप बघा, ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीचे (इंजिनमधली वाफ परत आत नेणारा व्हॉल्व्ह) तर नक्कीच. तिथे पेटणारा स्प्रे मारून बघायला सांगतील, पण गरम इंजिनवर नको, स्मोक टेस्टच (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. पाइप ठीक निघाले तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर आहे का तपासा. तिथून बाहेरची हवा धुरात मिसळते आणि ईसीयूला मिक्श्चर लीन वाटतं. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक आवाज येतो का?