कापसाचे पैसे आले, देणं पाच जागी आहे. आधी कोणाचं फेडू?

दारव्ह्याची सून

नमस्कार. आमची चार एकर कोरडवाहू, कापूस आणि मधात तूर. यंदाचा कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला दिला. वेचाई, गाडीभाडं जाऊन ७८ हजार खात्यात आहेत. तूर खळ्यात यायची आहे, पाच-सहा क्विंटल होईल.

दरवर्षी हे पैसे थोडे इकडे, थोडे तिकडे जातात आणि देणं होतं तिथंच राहतं. म्हणून या वेळी सगळे कागद एका जागी केले. बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या फायनान्सची कार्डं, गावच्या सहकारी सोसायटीचं पासबुक, पतसंस्थेची सोन्याची पावती, आणि कृषी केंद्रवाल्यानं बियाण्याच्या पाकिटामागे पेनानं मांडलेला हिशेब. सोसायटीचं पीककर्ज ८० हजार. गावातल्याच एकाकडून शेकडा पाचनं घेतलेले ६० हजार. फायनान्सच्या दोन गटांचे मिळून ५७ हजार. माझी पोत आणि कानातलं ठेवून उचललेले ४२ हजार. कृषी केंद्राचे ३१ हजार. बेरीज २ लाख ७० हजार.

यांना वही दाखवली तर काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, "मला वाटलं होतं याच्याहून जास्त असेल." घरात कर्जावर शांतपणे बोलणं झालं ते तेव्हाच.

आता प्रत्येकाचं मत वेगळं आहे. हे म्हणतात आधी सोसायटी. दीर म्हणतात माफी होणार, सोसायटीत रुपया भरू नका. गावातले सावकार म्हणतात, मुद्दलाची घाई नाही, फक्त व्याज देत जा. आणि मला वाटतं आधी फायनान्सवाल्याचं फेडावं, कारण तो दिवे लागायच्या वेळेला दारात उभा राहतो आणि सासूबाईंना चारचौघांत फार लागतं ते. कोणी नीट सांगेल का?

निवृत्त गटसचिव, वाशीम जिल्हा

ताई, सोसायटीच्या कामात माझं आयुष्य गेलं, म्हणून मनापासून सांगतो. "मुद्दलाची घाई नाही" हे वाक्यच तुमचं घर खातंय. शेकडा पाच म्हणजे महिन्याला ३ हजार, वर्षाला ३६ हजार, आणि मुद्दल जागेवर. ७८ मधले ६० तिथं टाका आणि ते दार कायमचं बंद करा.

त्यांच्याकडे परवाना आहे का विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असला तरी शेतकऱ्याकडून तारणाशिवायच्या कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि तारण असेल तर ९ टक्के, याच्या वर घेता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आजवर किती दिलं ते लिहून काढा. तेवढ्यावरच ते नरमतील कदाचित. नाहीच ऐकलं तर तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक, सहकारी संस्था. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

पैसे खात्यातूनच द्या. कोरा स्टॅम्प किंवा चेक दिला असेल तर तो हातात आल्याशिवाय रक्कम सोडू नका. दोन माणसं सोबत न्या.

राहिलं पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तुम्हाला व्याज शून्य पडतं. एवढा स्वस्त पैसा दुसरीकडे नाही, तो थकवू नका. उरलेले १८ हजार आणि तुरीचे पैसे त्यात घाला आणि मुदतीआधी नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचला.

धुऱ्यावरचा माणूस

काका बराबर सांगून राह्यले. पण ताई, माफीच्या भरवशावर राहू नका, हे मले सांगाचं हाये. माया शेजारच्यानं वाट पायत कर्ज थकवलं. २०१७ च्या माफीत दीड लाखाची अट, २०१९ च्या माफीत दोन लाखाची. याचं व्याज धरून दोन लाखाच्या वर गेलं आन् तो बाहेर राह्यला. बँकेनं नवं कर्ज देल्लं नाही, मंग बियाण्यासाठी सावकाराच्याच दारात. जे नियमित भरत होते त्याईलेही २०१९ च्या योजनेत ५० हजारापर्यंत प्रोत्साहन भेटलं होतं. माफी आली तं आली. आपण आपला फड सांभाळाचा.

बचत गटाची बँक सखी

फायनान्सच्या माणसाचं सांगते, कारण आमच्या गावातल्या बायका याच एका गोष्टीनं खचतात. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे, म्हणजे अशा गटाच्या छोट्या कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वसुलीची जागा दोघांच्या संमतीनं ठरते. ठरलेल्या जागी तुम्ही लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आला नाहीत, तरच त्याला घरी येता येतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी तर नाहीच. हे त्याला शांतपणे सांगा आणि शाखेत लेखी तक्रार द्या. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंडही लागत नाही.

हप्ते मात्र चुकवू नका. लाडक्या बहिणीचे १५०० येत असतील तर ते थेट त्यातच जाऊ द्या. सावकाराचे ३ हजार वाचले की तेही तिकडेच वळवा. जो गट लवकर संपतो तो आधी संपवा. आणि हा हप्ता भरायला तिसरं फायनान्स घेऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी.

नवं-जुनं करताना थोडे कमी पडले तर आपल्या उमेदच्या, म्हणजे सरकारी अभियानातल्या बचत गटात विचारा. आमच्याकडे शेकडा एक आहे. नवं कर्ज उचललं की पहिलं ते परत करायचं.

दारव्ह्याची सून

सगळ्यांचे खूप आभार. यांना वाचून दाखवलं. व्याजापोटी आजवर जवळपास मुद्दलाएवढं गेलंय, ते पण वहीत लिहिलं. यांचे मामा आणि सरपंच सोबत येतो म्हणाले. स्टॅम्पवर सही आहे यांची, ते आधी मागणार.

कृषी केंद्राचं काय करू? आणि सोनं?

निवृत्त गटसचिव, वाशीम जिल्हा

कृषी केंद्रात आत्ताच जाऊन भेटा, लपू नका. नवं पीककर्ज हाती आलं की अर्धे देतो, उरलेले पुढच्या कापसावर, असं बोला. पाकिटामागचा हिशेब पक्क्या बिलांवर मागा. उधारीची पिशवी आणि रोखीची पिशवी यांचा भाव सारखा नसतो, तो फरक तुम्हाला तिथं दिसेल. सोन्याचं निदान व्याज भरून पावती चालू ठेवा, मुदत टळून लिलावाची नोटीस येऊ देऊ नका. पोत सोडवायची ती फायनान्सचा एक गट संपल्यावर, त्याच हप्त्याच्या पैशातून.

तूर विकली की इथं लिहा, नवं-जुनं करायचे कागद सांगतो.