तीन पाकिटं फोडून लावलेला निकाल (बेसबॉल कार्डं)

दुसरा_बेस
काल इथे एक निकाल जाहीर झाला. २०२३ ची टॉप्स सिरीज वन, २०२३ चं बोमन आणि २०२२ चं टॉप्स क्रोम (तिन्ही टॉप्स कंपनीचीच बेसबॉल कार्डं) यांचं प्रत्येकी एक हॉबी (कार्डांच्या दुकानातलं) पाकीट फोडलं, बोमनमध्ये खेळाडूच्या सहीचं कार्ड निघालं, सबब बोमन घ्या, बाकी रद्दी. वर लोकांनी अनुमोदनं दिली!

सिरीज वनच्या हॉबी खोक्यात २४ पाकिटं, पाकिटात १४ कार्डं आणि अख्ख्या खोक्यामागे सही किंवा रेलिक (जर्सी वगैरेचा तुकडा बसवलेलं कार्ड) मिळून एक. बोमनमध्ये २४ पाकिटं, १० कार्डं, एक सही. क्रोममध्ये २४ पाकिटं, ४ कार्डं, दोन सह्या. म्हणजे तीन पाकिटांत मिळून काहीच न निघण्याची शक्यता ८४ टक्के. यांना उरलेल्या १६ टक्क्यांतलं मिळालं, अभिनंदन. पण याला तुलना म्हणत नाहीत, मटका म्हणतात.

आधी हवंय काय ते ठरवा. संच लावायचा असेल तर सिरीज वन. संच ३३० चा, खोक्यात कार्डं ३३६, पण हुरळू नका. इन्सर्ट (संचाबाहेरची खास कार्डं) आणि पॅरलल (त्याच कार्डांच्या वेगळ्या रंगातल्या आवृत्त्या) वजा करा, दुबार आलेली काढा, की भोकं उरतातच. जंबो खोक्यात १० पाकिटं, प्रत्येकी ४६ कार्डं, तिथे संच बहुतेक लागतो. क्रोमच्या ९६ कार्डांत २२० चा संच लागणारच नाही, तिथे पैसे रिफ्रॅक्टरचे (इंद्रधनुषी चमकणाऱ्या कार्डांचे) मोजायचे. आणि बोमन म्हणजे अजून मेजर लीगचं (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचं) मैदान न पाहिलेल्या पोरांवर लावलेले पैसे. त्यातली बरीचशी पोरं तिथवर पोचतच नाहीत.

होमरन_होमरन
तो निकाल माझाच. शक्यता मलाही काढता येते, धन्यवाद. सामान्य माणूस खोकं घेत नाही, एखाद-दुसरं पाकीट घेतो, म्हणून पाकिटाचीच तुलना केली. आणि बोमनला नावं ठेवण्याआधी माइक ट्राउटचं २००९ चं सहीचं सुपरफ्रॅक्टर (एकच प्रत असलेलं कार्ड) आठवा. २०२० मध्ये ३९.३६ लाख डॉलरला गेलं. तुमच्या सिरीज वनमध्ये असं काय निघतं, सांगा बरं?

दुसरा_बेस
ते बोमन ड्राफ्टचं कार्ड. तुम्ही फोडलेलं पाकीट साध्या बोमनचं. नाव सारखं असलं तरी उत्पादन वेगळं, यादी वेगळी. आणि सर्वांत महाग कार्डावरूनच ठरवायचं तर पॉल स्कीन्सचं पदार्पणाच्या सामन्यात जर्सीवर लावलेल्या पॅचचं एकमेव कार्ड २०२४ च्या क्रोम अपडेटमधून निघालं आणि २०२५ मध्ये ११.१ लाख डॉलरला गेलं. मग क्रोम अपडेट सर्वश्रेष्ठ का?

रच्याकने, 'फर्स्ट बोमन' (खेळाडूचं बोमनमधलं पहिलं कार्ड) म्हणजे रुकी कार्ड नव्हे. २००६ पासून आरसीचा (रुकी कार्डाचा) शिक्का खेळाडू मेजरमध्ये उतरल्यावरच मिळतो. ट्राउटचं रुकी २०११ च्या टॉप्स अपडेटमधलं, क्रमांक यूएस१७५.

काटेकोर
सुटं पाकीट आलं कुठून, हे कुणीच विचारत नाही. हमीची हिट (सही किंवा रेलिक) सिरीज वन-बोमनमध्ये खोक्यामागे एक. विकणारा खोकं फोडत गेला, सातव्या पाकिटात हिट निघाली, उरलेली १७ 'सुटी हॉबी पाकिटं' म्हणून विकायला ठेवली. वेष्टनावर हॉबीच छापलेलं, पण आत हिट निघायची आशा जवळजवळ शून्य. म्हणजे वरचं ८४ टक्क्यांचं गणितही फक्त विकणारा प्रामाणिक असेल तर.

दुसरा प्रकार काट्याचा. साधं कार्ड पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, १४ कार्डांचं पाकीट वेष्टन धरून पंचवीसच्या जरा वर. रेलिकच्या कार्डात जर्सीचा तुकडा बसवायला पुठ्ठ्याची चौकट असते, ते एकटंच दोन-तीन कार्डांची जाडी खातं. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर असं पाकीट चटकन वेगळं पडतं. काटाही लागत नाही, मधोमध चिमटीत धरून हलकेच वाकवा, कळतं.

क्रोमकर
अर्धसत्य. काटा फक्त जाडी ओळखतो. सहीचं कार्ड साध्याच जाडीचं असतं आणि शाईला किंवा स्टिकरला वजन ते किती! १४ कार्डांच्या पुठ्ठ्यातला ओलाव्याचा फरक त्याहून जास्त. क्रोमच्या सह्या वजनाने काढतो म्हणणारा फेकतोय. शिवाय काट्यावाल्यांना फसवायला काही उत्पादनांत कोरं जाड कार्ड मुद्दाम टाकलेलं असतं, ते पण सांगा की.

काटेकोर
सांगतो की. पण कोरं कार्ड सगळ्या उत्पादनांत नसतं. सह्यांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, घ्या, एक गुण तुम्हाला. सुट्या पाकिटातून रेलिक आधीच उचललेली असते, त्याचं काय?

होमरन_होमरन
म्हणजे मी चाळून टाकलेला माल घेतला असं म्हणायचंय? त्यातून सही निघाली, विसरलात का?

काटेकोर
निघाली ती बोमनमधून, जिथे हमीची हिट म्हणजे पातळ सही, जी काट्याला सापडत नाही. सिरीज वनचं पाकीट कोरं गेलं, जिथे जाड रेलिक काट्यावर दिसते. आता तुम्हीच जुळवा.

मेणकागद
आजच्या फॉइलवर एवढं रडताय, जुन्या मेणकागदाच्या पाकिटांत तर गरम इस्त्री घडीवर फिरवली की पाकीट उघडतं आणि तसंच परत चिकटतं. तारा कार्ड काढलं, साधं सरकवलं, काम झालं. तपासायचं ते असं: घडीवर मेणाचे दोन वेगळे ठसे दिसतात का, आणि पाकिटातल्या च्युइंगगमला टेकलेल्या कार्डावर तेलकट डाग आहे का. डाग नसेल तर पाकीट आधी उघडलं असल्याची शंका घ्या. टॉप्सच्या पाकिटात गम १९९१ पर्यंत होता, त्यानंतरच्या पाकिटाला ही कसोटी लावू नका. पारदर्शक सेलो पाकिटांत आणखी सोपं, कार्डांचा क्रम ठरलेला असायचा, वरचं दिसलं की आतलं ओळखता यायचं.

म्हणून तर १९८९ मध्ये अप्पर डेक कंपनीने फॉइलचं पाकीट आणि कार्डावर होलोग्राम आणला. त्या पाकिटातलं केन ग्रिफी ज्युनियरचं पहिल्या क्रमांकाचं कार्ड दुर्मिळ म्हणून विकतात, पण पीएसए १० (कार्डांची प्रत ठरवणाऱ्या पीएसए कंपनीची सर्वोच्च श्रेणी) मिळालेलीच ४,००० हून जास्त आहेत.

क्रोमकर
मेणकागद यांची सुई १९८९ वर अडकली ती अडकलीच. धागा २०२३ च्या पाकिटांचा आहे.

मेणकागद
तुमच्या क्रोमची पापडासारखी कमान होते, ती आधी सरळ करा, मग १९८९ वर बोला.

दमट_हवा
कमानीचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नका, कारण इकडे आणणाऱ्यांना तोच नडतो. क्रोमला पुढे प्लॅस्टिकचा थर, मागे पुठ्ठा. पुठ्ठा ओलावा पिऊन फुगतो, प्लॅस्टिक फुगत नाही, म्हणून कार्ड चकचकीत बाजूकडे वळतं. कोरड्या हवेत उलट, मागे वळतं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर उघडी ठेवलीत तर वळणारच. पुस्तकांखाली दाबू नका, थरावर रेघा पडतात. हवाबंद डब्यात ४५ ते ५० टक्के आर्द्रता धरणारी पुडी घालून दोन आठवडे ठेवा, बरीचशी सरळ होतात. मग पातळ पिशवी, वर ३५ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा खिसा. रेलिक त्यात कोंबू नका, कोपरे फुटतात, त्याला जाड कार्डांचा टॉपलोडर लागतो.

सिरीज वनचं कागदी कार्ड पावसाळ्यात कमी वळतं, पण कोपरे लवकर मऊ पडतात. गुळगुळीत लेपाची जुनी कार्डं मात्र न फोडलेल्या पाकिटातच विटेसारखी चिकटलेली निघतात. आणि हो, जुलैत मुंबईत पाकीट काट्यावर ठेवून निष्कर्ष काढू नका.

होमरन_होमरन
बरं. 'बोमन घ्या' मागे घेतो, 'बाकी रद्दी' कायम. दुसरा_बेस यांनी सिरीज वनच्या ब्लास्टरचा (किरकोळ दुकानांतल्या छोट्या खोक्याचा) उल्लेख सोयीस्करपणे टाळलाय. सुट्या पाकिटात धोका आहे ना? मग ७ पाकिटं, ९९ कार्डं, सीलबंद. झालं की!

दुसरा_बेस
ब्लास्टरमधली हमी म्हणजे तो एक स्मारक पॅच. खेळाडूच्या अंगावरचा नव्हे, कारखान्यात बनलेला. पाकिटामागची शक्यता वाचा. तीच सही ब्लास्टरमध्ये हॉबीपेक्षा कितीतरी दुर्मिळ असते. १:२४ छापलंय म्हणजे चोविसाव्या पाकिटात नक्की, असंही नाही. ती त्या प्रकारच्या सगळ्या छपाईची सरासरी.

काटेकोर
आणि सीलबंद म्हणून निर्धास्त राहू नका. ब्लास्टरचं पातळ प्लॅस्टिक उष्णतेने पुन्हा आवळता येतं. कारखान्याची शिवण सरळ, सारख्या रुंदीची असते, घरगुती आवळलेली कोपऱ्यांत गोळा होते. बाजारभावाच्या निम्म्याने मिळत असेल तर शिवणीचा फोटो मागा. विकणारा फोटो द्यायला कुरकुरला तर पुढे बोलूच नका.

क्रोमकर
शेवटी गाडी पुन्हा काट्यावर आणि शिवणीवरच. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.