मदत हवी आहे : स्पीकरमधली घुंऽऽ घालवायची कशी?

मंडळी, मी परभणीचा. संध्याकाळी शेजारच्या बोअरची मोटार सुरू झाली की व्होल्टेज १९० वर येतं आणि स्पीकर घुंऽऽ करायला लागतो. रेकॉर्ड प्लेयरची पिन रेकॉर्डवरून उचलली तरी चालूच; सेट-टॉप बॉक्सची वायर काढली की मात्र निम्मा आवाज गायब. अर्थिंगचा घोळ असेल का? अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात पार कोरडा पडतो. स्टॅबिलायझर आहे, पण त्याच्या रिलेची टकटक गाण्यात ऐकू येते. इन्व्हर्टरचं तर विचारूच नका, स्क्वेअर वेव्ह आहे, म्हणजे गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहरीची वीज देतो.

दुसरं, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की प्लेयरचं टेबल थरथरतं. प्लेयरखाली शहाबादी फरशी आणि तिच्याखाली रबर ठेवून फरक पडेल का? आणि घुंऽऽसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (उपकरणाला मेन लाइनपासून वेगळं ठेवणारा) कुणी वापरलाय? महागड्या पॉवर केबलचा सल्ला कृपया नको, त्यावर आपला विश्वास नाही.