चढाला दम टाकणारी पिकअप: तुमच्या गाडीचं डिझेल कुठं अडलं होतं?

शाहूपुरीकर

परवा कागलच्या एका पोराचा फोन आला. "दादा, गाडी चढाला मरते. स्कॅनरवर रेल प्रेशर कमी दाखवतंय. पंप बदलायला सांगितलाय, बदलू का?" म्हटलं थांब दोन दिवस, आधी आपल्या मंडळींना विचारतो. कारण हा पंप, म्हणजे डिझेल दाबून रेलमध्ये (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना पुरवठा करणाऱ्या जाड नळीत) भरणारा, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी उगाच बदललेला आहे. तर ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. गाडी कशी वागायची, आधी काय काय बदललं, शेवटी काय निघालं. वाया गेलेले पैसेपण लिहा, लाजू नका. सुरुवात मीच करतो.

मे २०२२. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून रात्री निघालो. साखरप्यापर्यंत गाडी झकास. आंबा घाट सुरू झाला, दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबलेला, आणि इंजिनचा आवाज एकदम बसला. चेक लाईट लागली आणि गाडी बैलगाडीच्या चालीवर आली. बाजूला घेऊन बंद केली, पाणी प्यालो, दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर जसं काही झालंच नव्हतं. दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. मलकापूर येईपर्यंत पाच वेळा. मागं आंबा पिकतोय आणि पुढं मी.

कोल्हापुरात स्कॅनर लावला. कोड पी ००८७, म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी. फिल्टर बदलला. आठ दिवस गावातल्या गावात फिरलो, ठीक वाटलं. लोड भरून घाट लागला की पुन्हा रडगाणं. दुसऱ्या ठिकाणी पंपाचा अंदाज मिळाला, पंचेचाळीस हजार. हो म्हणणारच होतो, पण आमच्या गल्लीतले एक जुने फिटर म्हणाले, "आधी टाकी उतरव. पंपाला प्यायला मिळतंय का बघ, मग त्याला शिव्या दे."

टाकी उतरवली. आत डिझेल ओढायच्या पाईपला खाली चहाच्या गाळणीएवढी जाळी असते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळी, लिबलिबीत साय धरली होती, बोटानं ओढली तर पापुद्रा निघावा तशी निघाली. टाकीच्या तळाला वाटीभर पाणी.

मग लक्षात आलं. जुलै २०२१ च्या पुरात गाडी प्रयाग चिखलीला पाहुण्यांच्या दारात अडकली होती, तीन दिवस टाकी बुडेल एवढ्या पाण्यात. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती, शिरोलीला हायवेवर पाणी, गाडी काढणार कुठून? पाणी ओसरल्यावर ऑइल बदललं, ब्रेक बघितले, सीट वाळवली. टाकी उघडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. डिझेलच्या खाली पाणी साचलं की त्या दोघांच्या सीमेवर जंतू वाढतात, ती साय त्यांचीच.

सपाटीला इंजिनाला डिझेल थोडं लागतं, तेवढं अर्धवट तुंबलेल्या जाळीतूनही येतं. चढाला भरलेल्या गाडीला कितीतरी जास्त लागतं, ओढ वाढते, साय जाळीला घट्ट चिकटते आणि डिझेल अडतं. गाडी बंद केली की ओढ थांबते, साय सुटून खाली बसते, म्हणून दहा मिनिटांनी गाडी शहाण्यासारखी चालते. हे कळलं तेव्हा घाटातल्या त्या पाच विश्रांत्या आठवून हसू आलं. टाकी धुणं, जाळी, नवा फिल्टर मिळून तीन हजारात काम झालं.

दूधगाडी, राधानगरी

माझं तर लईच किरकोळ. टाकीचं झाकण हरवलं म्हणून दुसऱ्या गाडीचं बसवलं, गच्च बसलं, खूश झालो. दुसऱ्या दिवसापासनं चाळीस-पन्नास किलोमीटरला गाडी दम टाकायची. एकदा डिझेल भरायला झाकण उघडलं तर आत जोरात सुसकारा. पंपावरचं पोरगं म्हणालं, "काका, टाकी हवा मागायलीया." त्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं! डिझेल जाईल तशी आत हवा नको का यायला? कंपनीचं झाकण आणलं, विषय संपला. आधी दोन फिल्टर बदललेले, ते गेले.

उद्यमनगरचा मिस्त्री

शाहूपुरीकर, तुमच्या त्या फिटरला माझा नमस्कार सांगा.

तीस वर्षं पंप-नोझलचं काम करतोय. दोन गोष्टी सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपला टाकीत मोटर नसते. मोठ्या पंपाच्या पोटात छोटा गिअर पंप असतो, तोच टाकीपासून डिझेल ओढून आणतो. म्हणजे टाकी ते पंप ही सगळी लाईन ओढीवर चालते. त्या लाईनला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली ठिपकासुद्धा पडत नाही, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "लिकेज नाही हो मिस्त्री." मी काय करतो, फिल्टर आणि पंपाच्या मधे हातभर पारदर्शक पाईप जोडतो आणि गाडी चालू करतो. बुडबुडे सलग दिसले की हवा कुठून येते ते मागं शोधत जायचं. क्लिप, रबरी पाईप, हँडपंप (फिल्टरजवळचा, हातानं दाबून डिझेल वर आणायचा), फिल्टरची रिंग. फिल्टर नवा टाकताना जुनी रिंग तशीच ठेवणारे महाभाग रोज भेटतात. एकानं तर जुनी न काढता तिच्यावर नवी बसवली होती.

दुसरं, कोड वाचून पार्ट बदलू नका. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी लावा, इंजिनानं मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर. गाडीगणिक फरक असतो, पण कॉमनरेलला, म्हणजे रेल असलेल्या इंजिनाला, चालू व्हायला साधारण २०० ते २५० बार (प्रेशरचं माप) लागतात, आयडलला (गाडी उभी, रेस नाही) २५० ते ३५० च्या आसपास, आणि पूर्ण लोडवर १,४०० ते १,६०० पर्यंत जातात. आयडलला दोन्ही आकडे बरोबर चालतात आणि लोडला मागणी १,४०० असताना ९०० च येतात, तर मी आधी ओढीची बाजू बघतो, शाहूपुरीकरांसारखी. सेल्फ मारतानाच २०० गाठत नसेल तर आधी हवा आणि रिटर्न (नोझलमधून टाकीत परत जाणारं डिझेल) बघतो. पंपावर सगळ्यात शेवटी येतो. माझं पोट पंपावर आहे तरी सांगतोय.

आणि एक हात जोडून विनंती. जुन्या गाड्यांना चालू इंजिनवर नोझलचा पाईप सैल करून मिसिंग (कुठला सिलिंडर काम करत नाही ते) बघायचो, ती सवय कॉमनरेलला नेऊ नका. हात फिरवून लिकेज बघू नका. मी एकदा पुठ्ठा धरला होता, त्याला सुरीनं मारावी तशी चीर गेली. ती डिझेलची धार हातात घुसली तर नुसतं टोचल्यासारखं वाटतं, रक्तसुद्धा येत नाही, पण तो हात ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावा लागतो. उद्यावर ढकललं तर बोट जातं. बंद केल्यावरही प्रेशर उतरायला थोडी मिनिटं द्या, मग पाना लावा.

भाजीगाडी, गडहिंग्लज

आमची गाडी मालक चालवतात, हिशोब माझ्याकडं असतो. गाडी अधूनमधून बंद पडायची, कधी निपाणीजवळ, कधी मार्केट यार्डाच्या दारात. गॅरेजला नेली की एकदम व्यवस्थित! तीन जणांनी "ताई, काही नाही हो" म्हणून परत पाठवलं. मग मी वहीच घातली. बंद कधी पडली, किती किलोमीटर झाले, लोड किती, ऊन की पाऊस, डिझेल कधी भरलेलं. अकराव्या नोंदीला डोक्यात प्रकाश पडला. दर वेळी काटा पावच्या खाली होता. आणि गॅरेजला नेताना मालक आधी टाकी भरून घ्यायचे, "कामाला जातोय तर वाटेत भरून घेऊ" म्हणून!

टाकीतल्या ओढीच्या पाईपला आत मधोमध चीर होती. डिझेल वर असलं की चीर बुडालेली, ओढेल ते डिझेलच. खाली गेलं की चीर उघडी पडायची आणि हवा ओढायची. पाईप मिळायला चार दिवस लागले, तोवर टाकी अर्ध्याच्या वर ठेवून धंदा केला, एकदाही बंद पडली नाही. वही अजून चालू आहे. आता मालकांच्या चहाचा खर्चपण तिच्यात दिसतो, ते निराळं.

उद्यमनगरचा मिस्त्री

ताई, तुमची वही आमच्या पोरांना दाखवायला हवी.

सूतवाला, इचलकरंजी

सगळे टाकीकडं बोट दाखवताय म्हणून उलट बाजू सांगतो. माझी जाळी साफ, फिल्टर नवा, पाईपला बुडबुडा नाही. सकाळी थंड गाडी एका सेल्फला उठायची. सूत उतरवून अर्ध्या तासानं गरम गाडी चालू करायची म्हटलं की सेल्फ फिरतोय, फिरतोय, गाडी काही उठत नाही. बॅटरी बदलली, स्टार्टर करून घेतला, दोन्ही फुकट. स्कॅनरवर सेल्फ मारताना १३० बारच्या वर आकडा जात नव्हता.

मग चारही नोझलच्या रिटर्नचे पाईप काढून चार रिकाम्या सलाइनच्या बाटल्यांत सोडले आणि काही मिनिटं आयडल. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल. चौथी बघता बघता अर्धी. त्या नोझलमधून पंपानं आणलेलं डिझेल नुसतं परत टाकीत पळत होतं. गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून आणखी निसटतं, म्हणून त्रास गरम असतानाच. एक नोझल बदलला. बदलल्यावर त्याच्यावरचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो, तो पहिल्या ठिकाणी दिलाच नाही, तर गाडी आयडलला थरथरायला लागली. दुसरीकडं जाऊन कोड भरला, मग शांत.

कोडोलीकर

उंदीर. एवढंच लिहिणार होतो, पण विस्तार करतो. गाडी महिनाभर गुऱ्हाळावर उभी होती, गुळाच्या वासानं आलेले. रेलवरच्या सेन्सरची वायर अर्धी कुरतडलेली. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन बंद, नुसती चावी ऑन केली तर प्रेशर शून्याच्या आसपास दाखवायला हवं ना? आमची १८० बार दाखवत होती. प्रेशर बरोबर, सांगणारा खोटारडा. चाळीस रुपयांची टेप आणि थोडं सोल्डर.

हुपरीकर

माझा सगळ्यात महाग आहे, म्हणून इतका वेळ गप्प होतो.

दोन वर्षांपूर्वी एक जण लिटरला बारा रुपये कमी घेऊन कॅनमधून डिझेल द्यायचा. कुठलं, कशाचं, विचारलं नाही. रंग जरा फिका होता, वास रॉकेलसारखा. चार महिने घातलं. पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. ते वंगणच पातळ मिळाल्यावर पंप आतून घासत गेला. प्रेशर हळूहळू उतरत होतं, मी फिल्टर बदलत होतो. तिसरा फिल्टर काढून त्यातलं डिझेल पांढऱ्या बशीत ओतलं तर तळाला चमकी. बारीक, चंदेरी. आमच्या गावात पैंजण घासताना जमिनीवर पडते तशीच. क्षणभर वाटलं गाडीपण हुपरीचीच झाली.

पंप बदलला, फक्त पंप. बाकीचं बघू नंतर म्हटलं. पण ती चमकी रेलमध्ये, पाईपमध्ये, रिटर्नमधून टाकीतसुद्धा पोचली होती. दीड महिन्यात दोन नोझल गेले, मग बाकीचे दोन. शेवटी टाकीपासून सगळं उतरवून साफ केलं. एकूण आकडा लिहीत नाही, घरातली माणसं वाचतात. बारा रुपये वाचवले होते.

शिरोळचा ट्रॅक्टरवाला

माझी पिकअप जुनी, साध्या पंपाची, स्कॅनरबिस्कॅनर काही लागत नाही. रात्री उभी केली की सकाळी हँडपंप मारल्याशिवाय चालू होत नाही. हे यातलंच का?

उद्यमनगरचा मिस्त्री

यातलंच. डिझेल रात्री मागं टाकीत उतरतंय. हँडपंपाचा व्हॉल्व्ह, बँजो बोल्टचे (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर आणि फिल्टरची रिंग बघा. वॉशर जुनाच परत घालू नका, घालायचाच तर तापवून लाल करून पाण्यात टाका, मऊ होतो.

कागलचा नवखा

नमस्कार, तो फोन करणारा मीच. शाहूपुरीकर दादांनी लिंक पाठवली. तीन दिवस एकेक करून बघतोय.

झाकण सैल करून भरलेली गाडी गगनबावड्याला नेली. फरक नाही. टाकी भरून नेली, फरक नाही. टाकी उघडली, जाळी बऱ्यापैकी साफ. जरा निराश झालो. काल पारदर्शक पाईप लावला तर बुडबुडे, आयडलला एखाददुसरा, रेस केली की सोड्याच्या बाटलीसारखे. मिस्त्रींनी सांगितलं तसं एकेक जोड बघत मागं गेलो. फिल्टरवरच्या हँडपंपाच्या रबराला अंगठा दाबून धरला आणि मित्राला रेस करायला सांगितलं. बुडबुडे थांबले. अंगठा काढला, सुरू. चार-पाच वेळा केलं, खात्री पटेना म्हणून नव्हे, मजा वाटली म्हणून.

रबराला खालच्या बाजूनं केसाएवढी चीर होती, हात लावल्याशिवाय दिसत नाही. साडेसहाशे रुपयांत अख्खा हँडपंप आला. आज दीड टन कास्टिंग भरून परत गगनबावड्याला गेलो, तिसऱ्या गिअरला चढली. लाईट नाही लागली.

मिस्त्री, हुपरीकरांचं वाचल्यापासून झोप नाही मला. जुना फिल्टर टाकलेला नाही, डिझेलसकट पिशवीत बांधून ठेवलाय. शनिवारी उद्यमनगरला येतो, बशी घेऊन.